पायांत काही नाही

बोट्सफ्योर्डच्या शाळेत जानेवारीत दहा वाजतात
तेव्हा खिडकीत अजून रात्रच असते.
बंदरावरच्या मासळी कारखान्याचा एक दिवा
सहावीच्या वर्गात डोकावत असतो.

टेबलावर मी फोटो पसरले. एकोणीस.
नियम एकच: दिसतं ते सांगा,
माहीत आहे ते नंतर.
मुलांना हा नियम फार छळतो.

सुनिवानं एकावर बोट ठेवलं.
बाई. अंगण. काळी मातीची सुरई, लांब मानेची.
वाफ. मागे भिंतीला टेकलेली सायकल.
"बाई गरीब आहे," मागून एलिफ.
कुठे दिसलं तुला गरीब?
तो चिडला, वाकला, शोधू लागला.
"हे काय. पायांत काही नाही तिच्या."

मी फळ्यावर लिहिलं: पायांत काही नाही.
मलाही त्याहून जास्त ठाऊक नव्हतं.
वाचनालयाच्या रद्दीतून उचललेला फोटो,
पाठीवर पेन्सिलीत एवढंच: केरेन, एरिट्रिया.

मग विचारत विचारत कारखान्यात गेले.
कॉड सोलणाऱ्या रांगेत लेतेब्रहान
हातमोजे न काढताच म्हणाली,
"केरेन? माझं माहेर."
शाळेत येशील?
"मी? मला काय शिकवता येतं?"
काही नको शिकवूस. नुसती येऊन बस.

शुक्रवारी आली, रात्रपाळी उरकून,
केसांना मिठाचा नि माशाचा वास,
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली तशीच सुरई.
मुलं चिडीचूप.
फोटोला प्रश्न विचारणं सोपं असतं,
फोटो आपल्याकडे उलटून बघत नाही.

"ही कोण, मला माहीत नाही,"
हे तिचं पहिलं वाक्य. मुलांचे चेहरे पडले.
मग तिनं फोटो दिव्याखाली धरला.
"अंगण धुऊन बसलीय आत्ताच. दगड बघा.
ओल्या अंगणात चपला घालून कोण येईल?"

दगड ओले होते. चक्क चकाकत होते.
तीन वर्षं तो फोटो माझ्या कपाटात होता.

आयलू, जो सहसा बोलत नाही, बोलला:
उन्हाळ्यात बोटीतून पाहुणे उतरतात,
आजोबांनी निळा सामी अंगरखा घातला असला की
न विचारता फोटो काढतात.
"किती काढले असतील. आमच्या घरी एकही नाही."
यावर कुणालाच काही सुचलं नाही.
कॉफीला मात्र उकळी आली.

तीनदा उकळली ती, तशी रीतच आहे म्हणे.
मुलांना घोट घोट, साखर वारेमाप.
निघताना लेतेब्रहाननं फोन काढला,
बहिणीला पाठवायला एक फोटो.
काढण्याआधी आयलूकडे बघून थांबली.
त्यानं आधी केस सारखे केले,
मग मान हलवली.

सोमवारी ती पुन्हा दारात.
बहिणीचं उत्तर तिग्रिन्यात आलं होतं,
अडखळत अडखळत तिनं आमच्या भाषेत आणलं:
"वर्ग छान आहे. मुलं गुणी दिसतात.
पण एवढ्या बर्फात बिचाऱ्यांना
कुणी बूट घेऊन देत नाही का?
इकडून पाठवू का काही?"

आम्ही सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं.
अकरा मुलांचे मोजे, आणि माझे.
एलिफच्या अंगठ्याला भोक.
बूट बाहेर, व्हरांड्यात, रांगेनं,
रोज असतात तसे.

आधी हसली कोण, आठवत नाही.
एलिफ हसला नाही. उठून बाहेर गेला,
आपले बूट घेऊन आला,
दोन हातांत दोन उंच धरून उभा राहिला.
"याचा काढ. म्हणावं, आहेत."

बुटांवरचं बर्फ वितळून
टपटप फरशीवर पडत होतं.
सुनिवानं खाली बघितलं
आणि मोजे काढून ठेवले.